बैठकीआधी रक्त तपासा

अपघात रात्री दहाला होतो. बैठक सकाळी आठला बसते.

जखमी माणूस तोवर नांदेडला पोचलेला असतो. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातून 'रेफर' झालेला, विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात, नाकातोंडात नळ्या. बायको वऱ्हांड्यात बसलेली. आणि इकडे गावात दोन्हीकडचे चार वजनदार लोक पारावर जमलेले. "पोरगं आपल्यातलंच हाय. प्यालं, चुकलं. आता कामून त्याचं आयुष्य बरबाद करता? दवाखान्याचं बिल देतो म्हणायलेत. मिटवून घ्या." दुपारपर्यंत पाचशेचा बाँड येतो. त्यावर एक ओळ असतेच : आमची कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

त्या ओळीखाली सही करू नका. आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचा मजकूर हे का सांगतो त्याबद्दल आहे.

कनेरगाव नाक्यापासून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करत वारंगा फाट्यापर्यंत १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ता झाला, वेग आला, धाबे आले. महामार्गालगतच्या दारू दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली : पाचशे मीटरच्या आत दुकान नको. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर दोनशेवीस मीटरवर आलं, आणि जुलैमध्ये नगरपालिकांच्या हद्दीला सूट मिळाली. एवढा मोठा निर्णय सात महिन्यांत एवढासा झाला. रस्त्यावर पिऊन गाडी हाकणारा माणूस मात्र तसाच राहिला. तो तुमच्या घरच्या माणसाला धडकला तर तुमच्या हाती काय आहे, हे आपल्याकडे धडक बसल्यानंतर कळतं. बहुतेकदा तेव्हाही कळत नाही, कारण सांगणारे सगळे पारावर बसलेले असतात आणि त्यांना प्रकरण संपवायची घाई असते.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे वेळ. दारू शरीरातून तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम या गतीने उतरते, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे तीस मिलिग्रॅम. धडक दिली तेव्हा ज्याच्या रक्तात नव्वद मिलिग्रॅम होती, तो चार तासांत कायद्याच्या लेखी शुद्धीवर येतो. तुम्ही जखमीला घेऊन हिंगोलीहून नांदेडला पोचता, ॲडमिट करता, रक्ताच्या बाटलीसाठी धावता, तेवढ्यात तिकडे पुरावा संपलेला असतो. कुणी तो नष्ट करावा लागत नाही. नुसतं झोपवून ठेवलं, ताक पाजलं, नातेवाइकाच्या शेतावर नेऊन बसवलं, तरी काम होतं.

यावर लोक म्हणतात, "अहो, सगळ्या गावानं पाहिलं, तोंडाचा वास येत होता, पायावर उभं राहता येत नव्हतं." न्यायालयात एवढ्यावर भागत नाही. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई हसनअली करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगून ठेवलं आहे की तोंडाला वास येणं, झोकांड्या जाणं, जीभ अडखळणं, बाहुल्या विस्फारणं एवढ्यावरून माणूस दारू प्यालाच होता असा निष्कर्ष काढता येत नाही. ५० वर्षांहून अधिक काळ हा निकाल आरोपीचे वकील वापरत आले आहेत. त्याला उत्तर एकच : श्वासाची चाचणी आणि रक्ताचा नमुना.

हा नमुना घेणं पोलिसांच्या हातात आहे. गाडी अपघातात सापडली आणि चालक प्यालेला असल्याचा संशय आला तर कलम २०३ खाली त्याला श्वासचाचणी द्यायला लावता येते, तो दवाखान्यात असेल तर तिथेही. श्वासचाचणीत दारू निघाली किंवा त्याने ती द्यायला नकार दिला, तर अटक करून कलम २०४ खाली रक्त घेता येतं. कलम १८५ खाली वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि अटक केली की दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे रक्ततपासणीचे नियमही आहेत : रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचं, घेताना कातडीला स्पिरिट लावायचं नाही, कुपीला सील करायचं, सात दिवसांत प्रयोगशाळेकडे पोचवायचं. यातली एक पायरी चुकली की पुढे दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी सगळा सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, कोसळतो.

म्हणून जखमीबरोबर सगळेच नांदेडला जाऊ नका. एक शहाणा माणूस मागे ठेवा. त्याने ठाण्यात जाऊन साध्या कागदावर लिहून द्यायचं : अमुक वेळी अमुक ठिकाणी अमुक नंबरच्या गाडीने धडक दिली, चालक दारू प्यालेला होता असं आमचं म्हणणं आहे, त्याची तात्काळ श्वासचाचणी करावी आणि रक्ताचा नमुना घ्यावा. खाली तारीख आणि वेळ. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, वेळेसकट. पोच देत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लगेच व्हॉट्सॲपने, ईमेलने पाठवायचा. ११२ वर केलेल्या फोनचीही नोंद राहते. नंतर रक्त घेतलंच नाही असं निघालं, तर मागणी किती वाजता केली होती हे दाखवायला तुमच्याकडे कागद हवा.

आणि गाडीचा फोटो. चालकाच्या जागेवर कोण आहे त्याचा फोटो. हे आधी करा, रागावणं नंतर. आपल्याकडे ड्रायव्हर बदलतो. पिकअप मालकाचा पोरगा चालवत असतो आणि पोलीस येईपर्यंत लायसन्स असलेला, न प्यालेला गडी स्टेअरिंगजवळ उभा असतो. गावाला हे माहीत असतं, पंचनाम्याला माहीत नसतं.

रक्त वेळेत घेतलं तर काय होतं आणि नाही घेतलं तर काय होतं, हे पाहायला महाराष्ट्रातच उदाहरणं आहेत. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे झोपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. चालक ॲलिस्टर परेरा. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे शंभर मिलिलिटरला एकशे बारा मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने २००७ च्या एप्रिलमध्ये निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा आणि पाच लाख दंड सुनावला. सात माणसांना सहा महिने. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचं कलम मान्य करून शिक्षा तीन वर्षांवर नेली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पिऊन, माणसं झोपतात हे माहीत असलेल्या रस्त्यावर बेफाम गाडी हाकणं हे नुसतं निष्काळजीपण नव्हे, त्यात परिणामाची जाणीव गृहीत धरता येते, हा या निकालाचा गाभा. आणि त्या रक्ताच्या अहवालाशिवाय हा गाभा उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त बोचते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तीन वर्षांची शिक्षा फारच तोकडी आहे. पण ती वाढवावी म्हणून राज्य सरकारने अपीलच केलेलं नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही. सात मजूर मेले होते. शिक्षा वाढवून मागायचा अधिकार सरकारचा होता आणि सरकार आलं नाही. मेलेल्यांच्या मागे अपील करा म्हणून मंत्रालयात खेटे घालणारं कोणी नव्हतं, असंच यातून दिसतं.

आता दुसरी बाजू. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरात मध्य प्रदेशातून आलेले दोन तरुण इंजिनिअर एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली गेले. ससून रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. हे उघडकीला आलं कारण पोलिसांनी दुसऱ्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता आणि दोन्हींचा डीएनए जुळला नाही. त्याच वर्षी ७ जुलैला वरळीत दुचाकीवरून जाणाऱ्या मासेविक्रेत्या बाईंचा मोटारीखाली मृत्यू झाला. संशयित चालक दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी कुणाच्याही रक्तात काय शिल्लक राहणार? दोन्ही खटल्यांचा निकाल न्यायालयं देतील. पण पुण्या-मुंबईत, कॅमेऱ्यांच्या गराड्यात हे होऊ शकतं, तर सेनगावच्या किंवा औंढ्याच्या एखाद्या फाट्यावर काय होत असेल? केंद्राच्या २०२२ च्या रस्ते अपघात अहवालात दारू-अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा दोन-अडीच टक्के दिसतो. कुठल्याही तालुक्यातल्या १०८ च्या डॉक्टरला विचारा, त्याला हा आकडा पटतो का. मला पटत नाही. हा आकडा किती जण प्यालेले होते ते सांगत नाही, किती जणांचं रक्त तपासलं ते सांगतो.

यानंतर येतो तो सगळ्यात घातक सल्ला. तो शत्रू देत नाही, आपलेच देतात : "फिर्यादीत दारूचं नाव काढू नका. ड्रायव्हर प्यालेला निघाला तर विमा कंपनी हात वर करील, एक रुपया मिळणार नाही." हे ऐकून मेलेल्या माणसाचा भाऊ स्वतःच्या फिर्यादीत दारूचा उल्लेख गाळतो. म्हणजे ज्याने मारलं त्याचं काम घरचेच करून देतात. फौजदारी खटला तिथेच अर्धा होतो.

ही समजूत खरी आहे ती प्यालेल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीपुरती. त्याची गाडी चेपली, तर कंपनी त्याला भरपाई नाकारते, नाकारावीच. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताची, म्हणजे तुमची गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीच्या बचावांत दारूचा उल्लेख आला हे खरं, आणि कंपनीचा वकील तो मुद्दा मांडणारच. पण तृतीय पक्षाचा विमा आहे तो चुकीच्या चालकापासून इतरांना वाचवायला. स्वरणसिंग खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलेला मार्ग असा की पॉलिसीची अट चालकाने-मालकाने मोडली तरी कंपनीला आधी पीडिताचे पैसे चुकते करायला लावता येतात, मग तिने मालकाकडून वसूल करावेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमक्या दारूच्या प्रकरणात हेच सांगितलं : प्यालेला चालक होता म्हणून कंपनी पीडिताला नाही म्हणू शकत नाही, आधी दे, मग वसूल कर. केरळचा निकाल आपल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही, पण तुमच्या वकिलाने तो पुढे ठेवला पाहिजे. त्याला माहीत नसेल तर हे कात्रण दाखवा.

दवाखान्यातल्या एका ओळीकडेही लक्ष द्या. केस पेपरवर डॉक्टर 'हिस्ट्री' लिहितात : काय झालं, कसं झालं. घाबरलेला नातेवाईक सांगतो, "गाडीवरून पडला." पोलीस केस म्हटलं की दवाखाना घेणार नाही, या भीतीने. वर्षभराने न्यायाधिकरणात कंपनीचा वकील तोच कागद काढतो : साहेब, हा स्वतः पडला, आमच्या गाडीचा संबंध नाही. त्या एका ओळीने दावे बुडाले आहेत. जे झालं तेच सांगा : अमुक गाडीने धडक दिली. एमएलसी, म्हणजे दवाखान्यातली पोलीस केसची नोंद, करायला लावा. जखमीवर आधी उपचार, बाकी सगळं नंतर, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे, सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना. आणि ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे : रस्ता कुठलाही असो, अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनापैसे. ती योजना लागू आहे का, हे काउंटरवर मोठ्याने विचारा. म्हणजे "दवाखान्याचं बिल देतो" या बोलीवर बाँड करून घेणाऱ्याकडे तुम्हाला द्यायला फारसं काही उरत नाही.

रस्त्यावरच्या माणसानेही घाबरायचं कारण नाही. जखमीला उचलून नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. त्याच्यावर दावा-फिर्याद होत नाही, नावपत्ता द्यायची सक्तीही नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राकडून पंचवीस हजारांचं बक्षीस आहे. तरी साक्ष द्या. स्वखुशीने द्या. तुम्ही पाहिलं असेल तर बोला.

हिंगोलीची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईकरांना कळायची नाही. धडक कुरुंद्याच्या किंवा बाळापूरच्या हद्दीत, मृत्यू नांदेडात. तिथल्या ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, कागद डाकेने इकडे यायला दिवस लागतात, आणि तोवर इकडचं ठाणं म्हणतं, "कागद येऊ द्या." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. फिर्यादीची प्रत फुकट मिळाली पाहिजे. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवलं पाहिजे, ही पोलिसांची जबाबदारी आहे. चौकशीला गेलेल्या विधवेला "नंतर या" सांगणारा कायद्याविरुद्ध बोलतो आहे. तिने ते तिथल्या तिथे त्याला सांगावं आणि लेखी अर्ज द्यावा.

आता बैठकीकडे परत. मृत्यू झाला असेल तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम १०६, आपसात मिटवता येत नाही. पारावर नाही आणि पाचशेच्या बाँडवर तर नाहीच. किरकोळ-गंभीर दुखापतीत तडजोड आहे, पण ती न्यायालयात, आणि करायची ती जखमी माणसाने स्वतः. चुलत्याने किंवा माजी सरपंचाने नव्हे. मग तो बाँड असतो कशासाठी? तुमची साक्ष फिरवण्यासाठी. "तुम्हीच लिहून दिलं होतं ना की तक्रार नाही?" एवढा एक प्रश्न उलटतपासणीत विचारता यावा म्हणून त्या बाँडबरोबर पन्नास हजार मोजलेले असतात.

आणि पन्नास हजार कशाच्या बदल्यात, तेही पाहा. हिशेब सर्वोच्च न्यायालयानेच बांधून दिलेला आहे, सरला वर्मा २००९ आणि प्रणय सेठी २०१७. समजा ३८ वर्षांचा माणूस. हळदीच्या हंगामात मजुरी, बाकी वेळ गवंडीकाम, महिन्याचे बारा हजार. वर्षाला १,४४,०००. चाळिशीच्या आत, स्वतः कमावणारा, म्हणून पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरायचे : २,०१,६००. मागे बायको, दोन मुलं, आई अशी चार माणसं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १,५१,२००. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक पंधरा. झाले २२,६८,०००. अंत्यविधी, वारसा, साथ हरपल्याची रक्कम वेगळी. मालकाचं, पॉलिसीचं, चुकीच्या वाट्याचं भांडण त्यात होईल, उत्पन्नाचा पुरावा मागतील, रक्कम खाली-वर होईल. तरी तो बाँड या आकड्याशेजारी ठेवून बघा. बायकोच गेली असेल आणि "ती कुठं कमवत होती" असं कोणी म्हणालं, तर किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स, ५ जानेवारी २०२१ : घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाला पैशात किंमत आहे, तिचं उत्पन्न धरलं पाहिजे.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. तो अपघात झाला तिथे करता येतो, तुम्ही राहता तिथेही करता येतो; ऊसतोडीला गेलेला माणूस सांगली-कोल्हापूरकडे मेला तरी त्याच्या बायकोने तिकडे खेटे घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू आहे आणि मुदत उलटली एवढ्यावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. त्या भरवशावर बसू नका, सहा महिन्यांच्या आत दाखल करा. पोलिसांनीही पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो गेला का, विचारत राहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना तिथे उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपर्यंत. निम्मी रक्कम मागणाऱ्या दलालापाशी जायच्या आधी तिथे जा.

खेड्यातली सगळ्यात कडवी गोष्ट म्हणजे विमा नसलेली दुचाकी. प्यालेला पोरगा, वडलांच्या नावावरची गाडी, चार वर्षांपूर्वी संपलेली पॉलिसी. गाडीचा नंबर टाकला की परिवहनच्या ॲपवर विम्याची मुदत दिसते. त्याच दिवशी पाहून घ्या. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातूनच, आणि तो खिसा रिकामा असतो. म्हणून ती गाडी ठाण्यातून सुटू देऊ नका. मालकाने तारण दिल्याशिवाय विनाविम्याची अपघातग्रस्त गाडी सोडू नये, तारण आलं नाही तर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. गाडी सोडण्याच्या अर्जाला न्यायालयात लेखी हरकत घ्या. गाडी पळूनच गेली, नंबर मिळालाच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात.

४ एप्रिल २०२५ ला वसमत तालुक्यातल्या गुंजच्या शेतमजूर बायका भुईमुगाच्या-हळदीच्या कामाला निघालेल्या असताना त्यांचा ट्रॅक्टर नांदेड तालुक्यात विहिरीत गेला. सात जणी मेल्या. त्या घटनेत दारूचा संबंध मी जोडत नाही. तिची आठवण काढतो ती वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशी पंतप्रधानांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांनी मदत जाहीर केली, आणि ते योग्यच झालं. पण सात जणी एकदम मेल्या की मदत येते, एकटा माणूस रात्री कळमनुरीच्या रस्त्यावर मेला की कोणी जाहीर करत नाही. त्याच्या घरच्यांना मदतीची वाट पाहायची नाही. त्यांच्याकडे हक्क आहे, आणि तो कागदांनी मागावा लागतो.

न्यायालयातही फिर्याद देऊन घरी बसू नका. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात, जिथे शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी गेली होती, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द करताना सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा अधिकार आहे. जामीन अर्जाच्या दिवशी जा. उभे राहा, हात वर करा, साहेब मला बोलायचं आहे म्हणा. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमात दोषी ठरला किंवा भरपाई तुटपुंजी दिली, तर तुम्ही स्वतः अपील करू शकता. शिक्षाच कमी वाटली तर मात्र ते सरकारलाच करावं लागतं, आणि कार्टर रोडच्या मजुरांसाठी सरकार आलं नव्हतं. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांना लेखी मागणी द्या, पोच घ्या.

जिल्ह्यातल्या पत्रकारांना, वकिलांना, महाविद्यालयीन पोरांना एक काम सुचवतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. हिंगोलीच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाला ठाणेनिहाय तीनच प्रश्न विचारा : गेल्या तीन वर्षांत प्राणघातक अपघाताचे गुन्हे किती नोंदवले, त्यांपैकी किती चालकांचं रक्त घेतलं आणि धडकेनंतर किती तासांनी, आणि किती सी.ए. रिपोर्ट दोषारोपपत्राला जोडले गेले. येईल ते उत्तर या सदराकडे पाठवा. जसं येईल तसं, ठाण्यांच्या नावांसह इथे छापू.